विजेचे टपाल

मंडळी, आता तुम्हांला लिहिता येते. नाव लिहिता येते, गाव लिहिता येते, चार ओळींचे पत्रही लिहिता येते. या पाठात आपण एक नवे पत्र शिकू.

हे पत्र कागदावर लिहीत नाहीत. त्याला पाकीट लागत नाही, तिकीट लागत नाही. मोबाइलवर लिहायचे आणि मोबाइलवरूनच पाठवायचे. त्याला ई-मेल म्हणतात. नुसते मेल असेही म्हणतात. आपण त्याला विजेचे टपाल म्हणू.

कोणते बटण दाबायचे ते घरातील पोर दोन मिनिटांत दाखवील. पण पत्रात काय लिहायचे, हे पोराला ठाऊक असतेच असे नाही. मास्तरालाही ठाऊक असतेच असे नाही. माझीच गोष्ट सांगतो.

१. मास्तरांची चूक

आमच्या साक्षरता वर्गात एक मावशी येत. वय साठीचे. मालक वारलेले. जमीन नाही. निराधार योजनेचे पैसे दरमहा बँकेत जमा होत. त्यावर मीठमिरची आणि गुडघ्याचे औषध चाले.

एका जानेवारीत पैसे आले नाहीत. फेब्रुवारीतही आले नाहीत. मावशी दोन वेळा एस.टी.ने तालुक्याला जाऊन आल्या. पहिल्या वेळी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या वेळी खिडकीवरच्या माणसाने सांगितले, "मेल करा." दोन दिवसांची मजुरी बुडाली. भाडे गेले ते वेगळेच.

मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मेल करा म्हनतात, गुरुजी. ते काय असते? तुमीच लिहून द्या ना."

मी लिहून दिले. वर्षानुवर्षे मी पोरांना पत्रलेखन शिकविले होते. आपण सुंदर पत्र लिहावे असे मनात आले. सुरुवातीला साहेबांना मोठा नमस्कार घातला. मग मावशींची गरिबी लिहिली. त्यांचे दुखणारे गुडघे लिहिले. महागाई लिहिली. शेवटी लिहिले, "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." पानभर मजकूर झाला. वाचून मलाच बरे वाटले. मेल पाठवून दिला.

महिना गेला. उत्तर आले नाही. किराणा दुकानदाराने उधारी बंद केली. मावशींनी औषधाची गोळी रोजच्याऐवजी दोन दिवसांनी घ्यायला सुरुवात केली. मी चिडलो. "कोणी वाचतच नाही तिथे," असे म्हणालो.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मावशी म्हणाल्या, "गुरुजी, ते पत्र मले दाखवा. मले वाचून पाहू द्या."

मी मोबाइल त्यांच्या हाती दिला. एकेक अक्षर लावीत त्यांनी पत्र वाचले. पाव तास लागला. मग त्यांनी विचारले, "गुरुजी, यात माह्या गावाचं नाव कोठी आहे?"

मी पाहिले. गावाचे नाव नव्हते.

"आन् मंजुरीच्या कागदावरचा नंबर?"

तोही नव्हता.

"पैसे कोन्त्या महिन्यापासून बंद झाले, ते?"

मी लिहिले होते, "गेल्या काही दिवसांपासून."

मावशींनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाल्या, "मंग त्या साहेबाले मी सापडू कशी?"

मंडळी, या एका प्रश्नात आजचा सारा पाठ आला. माझे पत्र सुंदर होते. पण त्या पत्रातून मावशी कोणालाच सापडत नव्हत्या. वाचणाऱ्याला दया आली असती, तरी काम करता आले नसते.

आम्ही दोघांनी बसून नवा मेल लिहिला. मावशी सांगत होत्या, मी लिहीत होतो. बारा-तेरा ओळी झाल्या. सहाव्या दिवशी उत्तर आले. बँक खात्याला आधार जोडलेले नव्हते, म्हणून पैसे अडले होते. मावशी बँकेत गेल्या, फॉर्म भरला. पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू झाले. मागचे राहिलेले पैसे मिळायला आणखी वेळ लागला. पण मिळाले.

२. पत्र जुनेच, वाट नवी

पत्र ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यात लोणार, मेहकर, सातगाव येथे जुनी दगडी देवळे आहेत. त्यांना आपण हेमाडपंती देवळे म्हणतो. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री पंडित, तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजांचे मंत्री होते. राज्याची कागदपत्रे त्यांच्या हाती असत. कोणाला कोणता मायना लिहावा, पत्राची मांडणी कशी असावी, याचे नियम त्यांच्या नावाने ओळखले जातात. पत्र नीट लिहावे, याची काळजी आपल्याकडे अशी जुनी आहे.

आणखी एक पत्र सांगतो. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांचे घोडदळ चिपळूणजवळ मुक्कामाला होते. तेथील अधिकाऱ्यांना महाराजांनी एक पत्र लिहिले. ते आजही प्रसिद्ध आहे. त्या पत्रात नुसते "सावध राहा" एवढेच नाही. दाणागवत आज कसेही उधळले, तर भर पावसाळ्यात ते संपेल आणि घोडी उपाशी मरतील. मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील आणि रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच ठेवला, तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. असे एकेक नेमके सांगितले आहे. पत्र वाचणाऱ्याला काय करायचे आणि काय टाळायचे ते लख्ख कळते. राजाचे पत्र असो की मजुराचे, चांगल्या पत्राची खूण हीच.

विजेच्या टपालाचा जन्म मात्र अलीकडचा. १९७१ साली अमेरिकेतील रे टॉमलिन्सन या इंजिनियरने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला असा निरोप पाठविला. मेलच्या पत्त्यात मधोमध एक खूण असते. अक्षराभोवती शेपटी गुंडाळल्यासारखी ती दिसते. तिला अ‍ॅट म्हणतात. ही खूण टॉमलिन्सन यांनीच पत्त्यासाठी निवडली. खुणेच्या आधी माणसाचे किंवा कार्यालयाचे नाव असते. खुणेच्या पुढे ती पेटी कोणाकडे आहे त्याचे नाव असते. आपल्या देशात सर्व लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. पूर्वी पत्र पोचायला चार-आठ दिवस लागत. आता क्षणात पोचते.

पण ध्यानात ठेवा. पत्र क्षणात पोचते, याचा अर्थ काम क्षणात होते असा नाही. काम होते ते मजकुरामुळे.

३. पत्राची पाच अंगे

हाताला पाच बोटे असतात. मेलचीही पाच अंगे आहेत. एकेक बोट दुमडून पाठ करा.

पहिले अंग : विषय.
खामगावच्या बाजारात एका ठिकाणी शंभर पोती पडली आहेत असे समजा. पोत्यावर खूण किंवा चिठ्ठी नसेल, तर आत तूर आहे की सोयाबीन, ते पोते सोडल्याशिवाय कळणार नाही. कचेरीतही रोज पुष्कळ मेल येतात. वाचणाऱ्याला आधी प्रत्येकाचा विषयच दिसतो. विषय म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी. "नमस्कार", "अर्जंट", "माझे काम" हे विषय नव्हेत. "निराधार योजनेचे पैसे जानेवारीपासून बंद" हा विषय झाला. विषयाची जागा रिकामी कधीच ठेवू नका.

दुसरे अंग : मी कोण.
पूर्ण नाव लिहा. गाव, तालुका, जिल्हा लिहा. मोबाइल नंबर लिहा. तुम्ही म्हणाल, गाव लिहिले की पुरे. पुरत नाही. आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. नुसते पिंपळगाव लिहिले तर कोणते समजायचे? पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात. पिंपळगाव काळे जळगाव जामोद तालुक्यात. पिंपळगाव देवी मोताळा तालुक्यात. पिंपळगाव सराई बुलढाणा तालुक्यात. चार गावे आणि चार तालुके! एक शब्द गाळला, तर तुमचे पत्र चाळीस कोस भटकेल.

तिसरे अंग : काय झाले, केव्हा झाले.
तारीख लिहा, महिना लिहा, रक्कम लिहा, नंबर लिहा. "पुष्कळ दिवस झाले" असे लिहू नका. "दोन महिने झाले, जानेवारी आणि फेब्रुवारी" असे लिहा. "खूप नुकसान झाले" असे लिहू नका. "दोन एकरांतील कापूस भिजला" असे लिहा. जे घडले तेवढेच लिहा. वाढवून लिहिले आणि ते खोटे निघाले, तर खरेही खोटे ठरते.

चौथे अंग : मला काय पाहिजे.
पुष्कळ पत्रांत दुःख असते, पण मागणी नसते. "योग्य ती कार्यवाही व्हावी" ही मागणी नव्हे. योग्य काय, ते तुम्हीच सांगा. "पैसे का थांबले ते कळवावे. कोणते कागद कमी आहेत ते सांगावे." ही मागणी झाली. एका मेलमध्ये एकच काम सांगा. निराधार योजना, नळाचे पाणी आणि रस्त्याचा खड्डा हे तिन्ही एका पत्रात घातले, तर तीन टेबलांवर फिरून पत्र हरवते. तीन कामांना तीन मेल करा.

पाचवे अंग : पुरावा.
पासबुकाचे पान, मंजुरीचा कागद, पावती, यांचा फोटो मेलसोबत जोडता येतो. याला अटॅच करणे म्हणतात. उजेडात फोटो काढा. कागदाचे चारही कोपरे दिसू द्या. आकडे वाचता आले पाहिजेत. आणि मजकुरात लिहा, "सोबत दोन फोटो जोडले आहेत." त्यामुळे एखादा फोटो राहिला तर वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

विषय, कोण, काय-केव्हा, मागणी, पुरावा. झाली पाच बोटे. मूठ मिटली!

आणि हो, भाषा साधी ठेवा. इंग्रजी येत नाही म्हणून अडू नका. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा आहे. राज्याच्या कचेरीला मराठीत लिहायला लाजू नका. रागावून लिहू नका. तशीच लाचारीही नको. "माननीय साहेब, नमस्कार" एवढा मान पुरे. साहेब बाई असतील तर "माननीय मॅडम" लिहा.

४. नमुना

खाली एक नमुना दिला आहे. नावाच्या जागी शाळेच्या रीतीप्रमाणे अ. ब. क. लिहिले आहे. गाव फक्त उदाहरणासाठी घेतले आहे. तुम्ही आपले नाव, गाव आणि आपले आकडे घाला.

विषय : निराधार योजनेचे पैसे जानेवारीपासून बंद – अ. ब. क., पिंपळगाव देवी, ता. मोताळा

माननीय साहेब,
नमस्कार.
मी अ. ब. क., राहणार पिंपळगाव देवी, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. मला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात. माझा मंजुरी क्रमांक ........ आहे.
जानेवारी आणि फेब्रुवारी या दोन महिन्यांचे पैसे माझ्या बँक खात्यात जमा झालेले नाहीत. डिसेंबरपर्यंत ते नियमित येत होते.
माझी विनंती अशी :
१. पैसे का थांबले ते कळवावे.
२. काही कागद कमी असल्यास कोणते, ते सांगावे.
सोबत मंजुरीच्या कागदाचा आणि पासबुकाच्या पानाचा, असे दोन फोटो जोडले आहेत.
आपली नम्र,
अ. ब. क.
मोबाइल : ..............
दिनांक : ..............

पाहा बरे! यात गुडघेदुखी नाही, महागाई नाही. ते दुःख खोटे होते काय? मुळीच नाही. पण साहेबाला काम करायला आकडे लागतात. दुःख सांगायचेच असेल तर एक ओळ लिहा. उदाहरणार्थ, "माझे औषधपाणी याच पैशांवर चालते." एवढ्याने समजते.

५. पाठविण्याआधी

शेतात पेरण्याआधी आपण बी निवडून घेतो. तसा मेल पाठविण्याआधी एकदा पाहून घ्यावा.

पत्ता तपासा. मेलचा पत्ता सहसा इंग्रजी अक्षरांत असतो. त्यात मोकळी जागा नसते. एक अक्षर किंवा एक टिंब चुकले, तर मेल परत येतो. कधी भलत्याच माणसाला जातो. कचेरीच्या फलकावरून किंवा सरकारी कागदावरून पत्ता उतरून घ्या. सरकारी पत्त्याच्या शेवटी बहुधा "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असते. तसे नसेल तर आधी चौकशी करा.

मोठ्याने वाचा. मोबाइलसमोर बोलले की तो स्वतः मराठीत लिहितो. ही सोय चांगली आहे. पण तो चुकीचेही ऐकतो. नावे आणि आकडे पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचा. शेजारच्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, "तुम्हांला काय समजले?" त्याला समजले तर साहेबालाही समजेल.

गुप्त गोष्टी लिहू नका. एटीएमचा पिन, मेलचा पासवर्ड, मोबाइलवर येणारा ओटीपी हे कोणत्याही मेलमध्ये लिहायचे नाही. खरी बँक ते मागत नाही. जो मागतो तो चोर समजा. आधारचा फोटो मागितला असेल तरच द्या. पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे आधारही मिळते. चालत असेल तेथे तेच द्या.

मेल आपल्याच पेटीतून पाठवा. कोणी दुकानदार आपल्या पेटीतून तुमचा मेल पाठवितो. मग उत्तर त्याच्या पेटीत येते आणि तुम्हांला कळतच नाही. आपली पेटी फुकट उघडता येते. घरच्या माणसाकडून ती उघडून घ्या. पासवर्ड वहीत लिहा आणि वही पेटीत कुलपात ठेवा.

६. उत्तर आले नाही तर

पाठविलेला मेल "सेंट" नावाच्या कप्प्यात राहतो. त्यावर तारीख आणि वेळ असते. आपण कधी काय लिहिले त्याचा तो दाखला. तो पुसू नका. "स्पॅम" नावाचा आणखी एक कप्पा असतो. फसवे मेल त्यात जाऊन पडतात. कधी चांगला मेलही तेथे पडतो. म्हणून तोही कप्पा उघडून पाहत जा.

पंधरा दिवस वाट पाहा. मग त्याच मेलखाली लिहा, "माझ्या अमुक तारखेच्या मेलचे उत्तर मिळालेले नाही. कृपया कळवावे." नवे गाऱ्हाणे त्यात घालू नका.

तरीही उत्तर नाही? मग मेल कागदावर छापून घ्या. कचेरीत आवक टेबलावर द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ती पोच जपून ठेवा. नवे टपाल आले म्हणून जुना शिक्का रद्द झालेला नाही.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. आपल्या अर्जाचे काय झाले हे त्या कायद्याने विचारता येते. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्याला लिहिता येत नाही, त्याला अर्ज लिहिण्यास अधिकाऱ्याने मदत करावी, असे त्या कायद्यातच म्हटले आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. काही कामांना ठरलेला फॉर्म असतो आणि तो ठरलेल्या ठिकाणीच भरावा लागतो. तेथे नुसता मेल चालत नाही. आधी विचारून घ्या.

७. शेवटचा शब्द

मंडळी, लिहिता येणे म्हणजे केवळ सही करता येणे नव्हे. दूर बसलेल्या अनोळखी माणसाला आपले म्हणणे नेमके सांगता येणे, हे खरे लिहिणे. मावशींनी वयाच्या साठाव्या वर्षी अक्षरे शिकली आणि मास्तरांची चूक काढली. मला त्याचा राग आला नाही. उलट मी तो जुना मेल जपून ठेवला आहे. नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी तो वाचून दाखवतो. मग विचारतो, "सांगा, या पत्रात माणूस कुठे आहे?"

तुम्ही मेल लिहाल तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारा. त्या पत्रातून तुम्ही सापडता का? सापडत असाल तर खुशाल पाठवा.

कठीण शब्द

मायना – पत्राच्या सुरुवातीचा मानाचा मजकूर
मजकूर – पत्रात लिहिलेले म्हणणे
आवक – कचेरीत येणारे कागद
पोच – कागद मिळाल्याची खूण
अटॅच करणे – पत्रासोबत फोटो किंवा कागद जोडणे
सेंट – पाठविलेल्या पत्रांचा कप्पा

अभ्यास

१. मास्तरांच्या पहिल्या मेलमध्ये कोणत्या तीन गोष्टी राहिल्या होत्या?
२. मेलची पाच अंगे कोणती? बोटांवर मोजून सांगा.
३. यांपैकी चांगला विषय कोणता आणि का? (अ) अर्जंट काम. (आ) गावातील हातपंप १० दिवसांपासून बंद. (इ) साहेबांना विनंती.
४. आपले पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा वहीत लिहा.
५. पुण्याला कामाला गेलेल्या मुलाला मेल लिहा. त्याने घरी केव्हा यावे आणि येताना काय आणावे, एवढेच लिहा. पाच ओळींपेक्षा जास्त नको.
६. तुमच्या गावातील एक अडचण घ्या. तिच्यावर नमुन्याप्रमाणे मेल लिहा. शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याला जे समजले नाही ते दुरुस्त करा.